आईची चेष्टा

संवादशास्त्रात मला पहिला वर्ग आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कोणालाही वाटेल की या बाईला साधं चार माणसांचं बोलणं कळत नसावं. कळत नव्हतंच. पण पदवी आहे, ती कोणी काढून घेतलेली नाही, आणि तिच्याच जोरावर मी पंचवीसएक वर्षं नोकरी केली आहे.

आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात राहायचो, सरकारी क्वार्टरमध्ये, वरच्या मजल्यावर. बाबा एका मंत्रालयात कारकून म्हणून लागले आणि एकेक पायरी चढत सेक्शन ऑफिसर झाले. आई लातूरच्या बाजूच्या खेड्यातली, सातवी शिकलेली, लग्न होऊन थेट दिल्लीत आलेली. आम्ही बौद्ध. कॉलनीत देशभरातले लोक होते, आणि समोरच्याचं आडनाव ऐकलं की मनातल्या मनात त्याची जागा ठरवून टाकायची सवय त्या सगळ्यांना होती. मी तिथेच जन्मले. शाळेत हिंदी, खेळताना हिंदी, भांडताना तर हिंदीच. घरात मराठी, पण तीही ‘आई, मला आज बिल्कुल भूक नाहीये यार’ अशी. ‘यार’ ऐकलं की आई डोळे वटारायची. तरी मला मराठी येते याबद्दल मला कधी शंका नव्हती. घरात रोज बोलत होते, आणखी काय हवं?

आई मात्र बाहेर बोलत नसे. भाजीवाल्याशी ‘कितने का’, शेजारणींशी ‘हाँ जी’, ‘नहीं जी’, संपलं. थंडीत दुपारी खालच्या लॉनवर बायका ऊन खात बसत, स्वेटर विणत, मटार सोलत. आई आमच्या बाल्कनीत बसून आमचे मटार एकटी सोलायची. कॉलनीत म्हणत, ऊपरवाली भाभी बहुत शांत हैं. मीही तसंच म्हणायचे. एकेकाचा स्वभाव असतो, असं मला वाटे, आणि खरं सांगायचं तर तिच्या गप्प राहण्याची मला सोय वाटायची. मैत्रिणींसमोर तिचं हिंदी ऐकायला लागत नसे.

मी बारावी झाले तेव्हा दिल्लीत ‘स्कोप’ नावाची साथ आली होती. टीव्हीवर दोनाचे वीस चॅनेल झाले होते, परदेशी कंपन्या येत होत्या, गुडगावला मोहरीची शेतं मोडून काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि ज्याला त्याला कशात ना कशात स्कोप दिसत होता. बाबांना तो बँकेच्या परीक्षेत दिसत होता, मला मास कॉममध्ये.

“हे शिकून नेमकं येतं काय?” बाबांनी विचारलं.

“लोकांपर्यंत कसं पोचायचं ते.”

“त्याला बस लागते,” ते म्हणाले. पण राखीव जागेवर माझा नंबर लागला तेव्हा तेच फी भरायला माझ्याबरोबर रांगेत उभे राहिले, आणि घरी येऊन आईला म्हणाले, “आता ही आपल्याला बोलायला शिकवणार.”

कॉलेजात बहुतेकींचं इंग्रजी घरचं होतं, माझं पुस्तकातलं. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी फळ्यावर एक आकृती काढली. एका टोकाला बोलणारा, दुसऱ्या टोकाला ऐकणारा, मध्ये बाण, आणि बाणाभोवती एक वेडीवाकडी रेघ. ती रेघ म्हणजे अडथळा, रेडिओतल्या खरखरीसारखा. तो अडथळा दूर झाला की बोलणं पोचलं. ही आकृती मी तीन वर्षांत इतक्यांदा काढली की अजून डोळे मिटून काढून दाखवीन. ऐकणाऱ्याला सगळं नीट ऐकू येतं, सगळं समजलं असं वाटतं, आणि कळलेलं असतं भलतंच, त्याचं काय, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. परीक्षेत त्याला गुण नव्हते.

शेवटच्या वर्षी दोघीदोघींनी मिळून दहा मिनिटांची फिल्म करायची होती. विषय होता ‘पड़ोस’. फिल्म बघायला बाहेरचे परीक्षक येणार होते, आणि त्यातले एक गुडगावच्या नव्या कंपनीतले. ते दरवर्षी एकीला नोकरीवर घेऊन जातात अशी ख्याती होती. वर्गातल्या बाकीच्या मुलींच्या मामा-काकांच्या ओळखी होत्या. माझ्या काकांची ओळख लातूरच्या एसटी डेपोत होती. ही फिल्म म्हणजे माझ्यासाठी एकच दार होतं, आणि मला ते माहीत होतं.

माझी जोडीदार दक्षिण दिल्लीतल्या मोठ्या कोठीतली, म्हणजे बंगल्यातली मुलगी. स्वतः गाडी चालवत कॉलेजला यायची, घरी व्हिडिओ कॅमेरा होता, आणि मुलगी वाईट नव्हती. मला अजूनही तिच्याबद्दल वाईट बोलता येत नाही, हीच पंचाईत आहे. तिच्या गल्लीत शेजारी कोण राहतं हे तिला माहीत नव्हतं. म्हणून ती म्हणाली, “तेरी कॉलनी में करते हैं ना, यार. वहाँ सब एक-दूसरे को जानते हैं.”

दोन दिवस आम्ही कॉलनीत फिरलो. सगळ्यांनी सगळ्यांबद्दल चांगलं सांगितलं. होळीला एकत्र येतो, लग्नाला एकत्र जातो, अगदी परिवार जैसा है जी. संध्याकाळी बघितलं तर सगळी टेप सारखीच, कोणाच्याही तोंडून कोणतंही वाक्य काढा. जोडीदार म्हणाली, “तेरी मम्मी? वो तो कुछ बोलती ही नहीं, उनका चेहरा अच्छा आएगा.”

मी आईला विचारलं. नाही म्हणेल अशी खात्री होती. ती म्हणाली, “हिंदीत नाही बोलणार.”

“मराठीत बोल. मी नंतर वरून हिंदी आवाज टाकते.”

“तू टाकशील? तूच?”

“मीच.”

“मग बोलते,” आई म्हणाली, आणि आत जाऊन पांढऱ्या काठाची निळी साडी नेसून आली. भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोखाली खुर्ची तिनंच सरकवून घेतली.

ती अजिबात घाबरली नाही. हात मांडीवर ठेवून, कॅमेऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघत, बारीक हसून बोलली. तिचे शब्द मला पाठ आहेत. ती म्हणाली, “मी नवीन होते ना. भाषा येत नव्हती. खालच्या बायकांनी माझी खूप चेष्टा केली. रोज दुपारी बोलवायच्या लॉनवर. एकेक वाक्य शिकवायच्या, परत परत म्हणायला लावायच्या. कोणाकडे पाहुणी आली की मला हाक मारायच्या, म्हणायच्या, म्हण, आणि मी म्हणायचे. आज इतकी वर्षं झाली, पण मी काही विसरलेली नाही.”

तुम्हाला कळलं. मला कळलं नाही.

माझ्या शाळेच्या हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. ‘सफलता के लिए निरंतर चेष्टा आवश्यक है’, असले निबंध मी ढिगानं लिहिले होते. घरात थट्टेला आम्ही मजाक म्हणायचो, बाबांच्या तोंडी क्वचित मस्करी यायचं. चेष्टा हा शब्द आमच्या घरात कधी आलाच नव्हता, कारण आई त्या गोष्टीबद्दल घरात कधी बोललीच नव्हती. आता बोलली, तर मी तिच्यासमोर बसून, मान डोलावत, दुसऱ्याच भाषेत ऐकत होते. मला वाटलं, किती गोड आहे हे. आईला हिंदी यावं म्हणून या बायकांनी केवढे कष्ट घेतले, रोज बोलावून एकेक वाक्य घोटून घेतलं, पाहुण्यांसमोर कौतुकानं बोलायला लावलं. आणि आई अजून विसरली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आईनं ते पाहिलं. तिला वाटलं असणार, पोरीला कळलं.

एडिटिंगच्या खोलीत मी मजकूर लिहिला आणि माइकपुढे बसून वाचला. ‘मैं नई-नई आई थी. भाषा नहीं आती थी. नीचे की बहनों ने मेरे लिए बहुत चेष्टा की.’ ‘माझी’चं ‘मेरे लिए’ केलं, ‘बायकां’चं ‘बहनों’ केलं, कारण ते जास्त गोड वाटलं. ध चा मा करायला एक अक्षर तरी बदलावं लागतं. मी तर मुख्य शब्द जसाच्या तसा ठेवला होता. आईचा आवाज आधी दोन सेकंद मोठा, मग तो खाली जातो आणि त्यावर माझा चढतो. हे तंत्र आम्हाला दुसऱ्या वर्षी शिकवलं होतं आणि मला ते उत्तम जमत असे.

वर्गात फिल्म दाखवली तेव्हा मॅडम उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ही खरी फिल्म, हिच्यात एक माणूस बोलतंय. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझं नाव न चुकता उच्चारलं. परीक्षक दहा दिवसांनी येणार होते.

मी कॅसेट घरी आणली. बाबांनी ऑफिसातल्या कोणाचा तरी व्हीसीआर मागून आणला आणि माझ्या डोक्यात कल्पना आली, की खालच्या आंट्यांनाही बोलवावं. आईला विचारलं तेव्हा ती कणीक मळत होती. हात थांबवून म्हणाली, “त्यांना बोलवतेस?”

“हो. त्यांच्याबद्दलच तर आहे.”

“त्यांना समजेल का, मी काय म्हणते ते?”

“हिंदीत आहे ना. शब्द न शब्द समजेल.”

ती पुन्हा कणीक मळायला लागली. मग म्हणाली, “बोलव. ऐकू दे त्यांना.”

रविवारी दुपारी पाचसहा जणी आल्या. तळमजल्यावरच्या आंटी सगळ्यांत पुढे, सोफ्यावर मध्यभागी. कॉलनीत कुठेही त्यांची जागा मध्यभागीच असे. आई त्यांच्या समोर, दाराजवळच्या लाकडी खुर्चीत, तीच निळी साडी नेसून ताठ बसली होती. वीस वर्षांत त्या बायका आमच्या घरात पहिल्यांदा येत होत्या हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. बाबा समोसे घेऊन आले आणि मागे उभे राहिले.

आई पडद्यावर आली. दोन सेकंद तिचं मराठी ऐकू आलं आणि त्यावर माझा आवाज चढला. मी बायकांचे चेहरे बघत होते. ‘बहुत चेष्टा की’ला तळमजल्यावरच्या आंटींनी हात छातीवर ठेवला. ‘मैं कुछ भी नहीं भूली हूँ’ला त्या रडायला लागल्या. फिल्म संपायच्या आत उठल्या, जाऊन आईला मिठी मारली आणि म्हणाल्या, “देखा! भाभी ने सब याद रखा है. हमने ही तो इनको बोलना सिखाया.” बाकीच्या हो हो म्हणाल्या. त्यांना खरंच आठवत नव्हतं, की आठवत होतं आणि सुटल्यासारखं वाटलं, हे मी आजही सांगू शकत नाही. आईचे हात खाली लोंबत होते. तिनं मिठी मारली नाही, सोडवूनही घेतली नाही.

बायका गेल्यावर तिनं मला विचारलं, “मी असं म्हटलं होतं?”

“म्हणजे काय? शब्दाला शब्द. चेष्टा की, म्हटलंय ना.”

“चेष्टा म्हणजे काय?”

“कोशिश.”

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबा बशा गोळा करत होते, त्यांनी मान वर केली नाही. दोन्ही भाषा चांगल्या येणारा घरात तोच एक माणूस होता, आणि पडद्यावरचं पहिलं वाक्य ऐकल्यापासून त्याला सगळं कळलेलं होतं.

“मजाक,” आई म्हणाली. “चेष्टा म्हणजे मजाक. त्या माझा मजाक उडवायच्या.”

मग तिनं सांगितलं. सलग, एका दमात, बशीतला उरलेला समोसा चिवडत. लग्न होऊन आली तेव्हा ती एकोणीस वर्षांची. लॉनवरच्या बायकांनी बोलावलं म्हणून गेली, खूश होऊन गेली. आडनाव विचारलं, गाव विचारलं, नवरा नोकरीला कसा लागला विचारलं. तिनं सगळं खरं सांगितलं. मग त्यांनी हिंदी शिकवायला घेतलं. पहिलंच वाक्य: कोई पूछे पति क्या करते हैं, तो कहना, सरकारी दामाद हैं. आईला ‘सरकारी’ कळलं. दामाद हा हुद्दा असेल असं तिला वाटलं. असिस्टंट असतो, तसा दामाद. तिनं ते वाक्य पाठ केलं. कोणाच्या घरी पाहुणी आली की तिला खालून हाक यायची, भाभी, ज़रा बताना. ती पदर नीट करून सांगायची, अभिमानानं. सगळ्या हसायच्या, तीही हसायची. तीन महिने. मग दिवाळीला बाबांच्या ऑफिसात कार्यक्रम होता, तिथे साहेबांच्या बायकोनं तोच प्रश्न विचारला आणि आईनं तेच उत्तर दिलं. बाबा शेजारी उभे होते.

“बसमध्ये सांगितलं ह्यांनी मला, दामाद म्हणजे जावई,” आई म्हणाली. “सरकारचा जावई. फुकट खाणारा.”

“मी तेव्हाच म्हटलं होतं, हसतील त्यांचे दात दिसतील,” बाबा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले.

“दिसले ना. वीस वर्षं दिसतायत.”

तिच्या गप्प राहण्याला स्वभाव म्हणून मोकळी झालेली मी, संवादशास्त्राच्या तिसऱ्या वर्षात. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथे दिवा तरी कुठे होता? मी काहीतरी पुटपुटले, सॉरी वगैरे. आई म्हणाली, “तुझी चूक नाही. तुला शब्द माहीत नव्हता, मी शिकवायला पाहिजे होता. आता माहीत झाला ना? मग नीट कर ते. तिथे मोठी माणसं बघणार आहेत. मी त्यांचे आभार मानते असं नको दिसायला.”

तिनं आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. शपथेवर सांगते, दुसरी मला आठवत नाही.

बाबा मात्र मला नंतर गच्चीवर म्हणाले, “राहू दे. झालं ते बरंच झालं. निवृत्तीपर्यंत इथेच राहायचं आहे, शेजाऱ्यांशी गोडी राहिलेली बरी.” आपलेच दात, आपलेच ओठ. त्यांच्यावर चिडावं तर मी त्यांच्या वाक्याची वाटच बघत होते.

मंगळवारी दुपारी फिल्ममधल्या दुरुस्त्यांसाठी एडिटिंगचं मशीन तासभर मोकळं होतं. मॅडमनी तसा कागदच लावला होता. चार वाक्यं पुन्हा लिहायची, पुन्हा वाचायची, दहा मिनिटांचं काम. मी एकटी गेले. टेप लावली, माझा आवाज बंद केला आणि आईला ऐकलं. या वेळी सगळं कळलं. तिचं ते बारीक हसू हे हसू नव्हतंच. ‘म्हणायच्या, म्हण, आणि मी म्हणायचे’ या वाक्याला तिची मान किंचित खाली जाते, तेही दिसलं.

आणि मी काय विचार केला, तोही लिहिते. मी विचार केला, खरं वाक्य टाकलं तर ही फिल्म कसली होईल? मॅडम विचारतील, का करायच्या चेष्टा? मग सांगावं लागेल. आम्ही कोण, बाबा कसे लागले, मी या वर्गात कशी आले. वर्गातल्या मुली ‘ओह’ म्हणतील आणि जरा जास्तच गोड वागायला लागतील. गुडगावचे साहेब घड्याळ बघतील. तीन वर्षं मी जे दडवून ठेवलं होतं ते माझ्याच तोंडानं, माइक लावून सांगायचं? आईला काय जातंय बोलायला, असंही माझ्या मनात आलं. मला तिचा राग आला. हो, तिचाच.

तेवढ्यात जोडीदारानं दार उघडून डोकं आत घातलं. “सब ठीक है ना?”

“हाँ, बिल्कुल,” मी म्हटलं. “बस लेव्हल ठीक कर रही हूँ.”

ते खोटं नव्हतं. मी लेव्हलच ठीक केली. सुरुवातीच्या दोन सेकंदांत आणि माझ्या आवाजाखाली आईचं मराठी पुसट का होईना ऐकू येत होतं, आणि परीक्षकांत एखादा मराठी माणूस असला तर त्याला ‘चेष्टा’ कळली असती. मी बटण हळूहळू खाली ओढलं. आईचे ओठ हलत राहिले, आवाज फक्त माझा उरला. मग तासाभरासाठी दिलेलं मशीन वीस मिनिटांत बंद करून मी घरी आले.

“झालं नीट?” आईनं विचारलं.

“आता बदलता येत नाही म्हणाले.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “बरं,” म्हणाली, आणि गॅस बारीक करायला आत गेली. तिला माझं खोटं कळलं की नाही, हे विचारायचं धाडस मी नंतर कधीच केलं नाही. पण त्या दिवसापासून ती मला फक्त कामाचं सांगायची. डबा घे, दूध बघ, उशीर होणार असेल तर फोन कर. गावाकडच्या गोष्टी, तिच्या आईच्या गोष्टी, ज्या मी अर्धवट ऐकत असे, त्या बंद झाल्या.

गुडगावच्या साहेबांना फिल्म फार आवडली. त्यांची कंपनी नव्या सोसायट्या बांधणाऱ्या बिल्डरांसाठी जाहिरातीच्या फिल्मा करायची. ते म्हणाले, “मकान सब बेच रहे हैं, पड़ोस कोई नहीं बेच रहा.” मला त्यांनी तिथल्या तिथे घेतलं. पुढची कितीतरी वर्षं मी शेजार लिहिला. खड्डे आणि क्रेन यांच्याशिवाय जिथे काहीही नव्हतं तिथल्या बागेत एकमेकींना हात करणाऱ्या बायका लिहिल्या. नव्या लेखकांना नमुना म्हणून साहेब माझी कॉलेजची फिल्म दाखवत आणि म्हणत, ऐसा चाहिए, दिल से. मी खोलीबाहेर जाऊन उभी राहायचे. लोकांना वाटायचं, किती विनयशील आहे.

तिकडे कॉलनीतही फिल्मचं काम चालूच होतं. तळमजल्यावरच्या आंटी आईला आता रोज लॉनवर बोलवायच्या. नव्यानं आलेल्या बायकांना सांगायच्या, यांना एक शब्द येत नव्हता, सगळं आम्ही शिकवलं, यांनी स्वतः फिल्ममध्ये सांगितलंय. आई जाऊन बसायची. न जाण्याचं कारण आता तिच्याकडे उरलं नव्हतं. ते मीच काढून घेतलं होतं. वीस वर्षं ती निदान वर बाल्कनीत तरी बसू शकत होती.

बाबा निवृत्त झाले. गाझियाबादच्या बाजूला एका नव्या सोसायटीत आम्ही फ्लॅट घेतला, आणि क्वार्टर सोडायच्या आदल्या रविवारी खालच्यांनी लॉनवर आम्हाला निरोपाचा चहा दिला. खुर्च्या मांडल्या, गुलाबजाम आणले. बाबांना शाल दिली. तळमजल्यावरच्या आंटींनी भाषण केलं. भाभी आल्या तेव्हा कशा होत्या आणि आम्ही त्यांना कसं बोलतं केलं, ते सगळं पुन्हा सांगितलं. मग त्या म्हणाल्या, “भाभीजी, जाते-जाते दो शब्द हो जाएँ.”

सगळ्यांनी आग्रह केला. आई उठली. मला वाटलं, आता सांगणार. सांगू नये असं वाटलं, आणि त्याच वेळी मनापासून वाटलं की सांगू दे, एकदाचं सांगून टाकू दे.

आई हिंदीत बोलली. मी तिला हिंदीत पुरं वाक्य बोलताना जन्मात ऐकलं नव्हतं. स्वच्छ हिंदी होतं, एकही चूक नव्हती.

“मेरी बेटी बोलेगी,” ती म्हणाली. “मेरी तरफ़ से यही बोलती है.”

आणि खाली बसली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठले. त्या सगळ्यांचे आभार मानले, तीनचार मिनिटं बोलले, चांगलं बोलले. टाळ्या पडल्या. आईनंही वाजवल्या.